वऱ्हाडाच्या बोटीचं इंजिन

पावसाळा लागला की बोट वर्सोव्याच्या वाळूवर ओढून झापांनी शाकारायची आणि तिच्या पोटातलं इंजिन बांबूला टांगून आमच्या ओटीवर आणायचं, अशी आमच्या घरची रीत होती. नारळी पौर्णिमेपर्यंत ते तिथंच. ओटीच्या एका अंगाला द्वारकाआत्याची चटई, दुसऱ्या अंगाला गोणपाटाखाली इंजिन, आणि मधल्या चिंचोळ्या वाटेनं आम्ही सगळे ये-जा करायचो. आईचा त्या इंजिनावर फार राग. चुलीवर जवळ्याचं कालवण रटरटत असलं, तव्यावर सुका बोंबील भाजत असला, तरी घरात वास रॉकेलचाच. भाकरीलासुद्धा तो लागतो असं तिचं म्हणणं होतं, आणि ते खोटं नव्हतं. बाबा मुकाट जेवायचे. शिडाच्या होडीत जन्म काढलेला तो माणूस. इंजिन घ्यायचं ते हरीदादाच्या हट्टानं घेतलं होतं, पण एकदा घरात आल्यावर त्यांनी त्याला कधी नावं ठेवली नाहीत. उलट समुद्रात असताना आजारी लेकराचा खोकला ऐकावा तसे कान देऊन ते त्याचा आवाज ऐकायचे.

हरीदादा माझा मोठा भाऊ. इंजिन नवं होतं तेव्हा ते बसवायला आलेल्या मिस्त्रीच्या मागं मागं फिरून तो सगळं शिकला होता. पावसाळ्यात ओटीवर जुनं कापड पसरून तो एकेक भाग सुटा करायचा आणि मी घमेल्यात रॉकेल घेऊन ते भाग धुवायची. मला त्यात ओढलं ते माझ्या हातांनी. पंपाच्या मागच्या खाचेत एकदा एक नट पडला. दादाचा हात तिथं जाईना, बाबांचा तर मनगटापाशीच अडकला. मी भाकऱ्या थापत होते. बाबांनी हाक मारली, मी पिठाचा हात पदराला पुसून आत घातला आणि नट काढून दिला. तेव्हापासून अवघड जागेचं काम आलं की "मंजूला बोलव" हे ठरून गेलं. मॅट्रिक झाल्यावर मी घरीच होते. सकाळी आईबरोबर पाटी घेऊन अंधेरीच्या बाजारात बसायचं, दुपारी येऊन जेवायचं आणि मग दादाच्या शेजारी बसायचं. एकोणिसावं लागेपर्यंत मला ते इंजिन आमच्या स्वयंपाकघरासारखं झालं होतं. कुठली वस्तू कुठं आहे ते न बघता सांगता यायचं.

त्या इंजिनाला थंड ठेवायचं काम समुद्राचं होतं. बोटीच्या बुडाला एक भोक, तिथून रबरी नळीनं पाणी आत यायचं. पंपात एक रबरी पंखा असायचा, छोट्या करंजीएवढ्या पाकळ्यांचा. तो फिरला की पाणी इंजिनाभोवती खेळायचं आणि तापून बोटीच्या कुशीतल्या नळीतून बाहेर पडायचं. एवढंच. दादानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की मशीन चालू झाली की आधी बाजूला वाकून बघायचं, पाणी पडतंय का. हल्लीच्या बोटींवर काटे असतात, दिवे लागतात, शिट्टी वाजते. माझा पुतण्या मला त्याच्या बोटीवर ते सगळं कौतुकानं दाखवतो आणि मी कौतुकानं बघते. पण बघून झालं की मी बाजूला वाकतेच.

हरीदादाचं लग्न गोराईच्या मुलीशी ठरलं. वैशाखातलं लग्न, संध्याकाळचा मुहूर्त. वऱ्हाड अर्थातच समुद्रानं जायचं. एरवी आमच्या बायका बोटीवर पाय ठेवत नसत. लग्नाला किंवा जत्रेला तेवढ्या चढायच्या. त्या दिवशी बोट धुऊन, पताका लावून, झेंडूच्या माळांनी अशी सजवली होती की मासळीचा वास लपून बसला होता. माणसं इतकी झाली की काशीनाथकाकांनी, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावानं, जागा व्हावी म्हणून खालची अवजड हत्यारांची पेटी उतरवून घरी ठेवली. दोन-चार पाने आणि स्क्रू काढायचा डिसमिस तेवढा मागं राहिला. डोलकाठी आणि शीडही घरीच होतं. घरच्या मांडवावर सावलीला ताणायला शिडाच्या कापडासारखं दुसरं काही नव्हतं. इंजिन असताना शीड कशाला, असं त्या दिवशी बाबांनासुद्धा वाटलं.

मी करवली. हिरवं कोळी लुगडं, केसात अबोलीचा गजरा, आणि आईचे पाटल्या-गोठ माझ्या हातात. दादा हळदीनं पिवळा, डोक्याला मुंडावळ्या. लग्नातले धवले गाणारी द्वारकाआत्या त्याच्या शेजारी पहाऱ्यासारखी बसली होती, कारण हळद लागलेल्या नवऱ्यानं काय करायचं आणि काय नाही याची सगळी जबाबदारी तिनं स्वतःवर घेतली होती. वेसाव्याच्या, म्हणजे वर्सोव्याच्याच, खाडीतून बाहेर पडलो तेव्हा भरती चढत होती. बाबांचा हिशेब असा की मढ, एरंगळ, मार्वे मागं टाकत भरल्या पाण्यात मनोरीच्या खाडीत शिरायचं आणि गोराईच्या धक्क्याला लागायचं. उशीर झाला तर ओहोटीनं खाडीच्या तोंडाशी चिखल उघडा पडतो, मग एवढी बोट आत जात नाही.

मढचा किल्ला उजवीकडे मागं पडत होता आणि बायकांचं गाणं रंगात आलं होतं, तेव्हा बाबांनी सुकाणूवरून मान वळवली. मला काही ऐकू आलं नाही, पण त्यांना आलं. इंजिनाचा ठेका जड झाला होता. मग मलाही वास आला, तापलेल्या रंगाचा. तव्यावर काही नसताना तवा विसरावा तसा. मी बाजूला वाकले. नळीतून पाणी पडत नव्हतं, नुसती पांढरी वाफ येत होती. मी वर बघितलं तर दादाही त्याच जागी वाकला होता, मुंडावळ्या वाऱ्यावर उडत होत्या. बाबांनी इंजिन बंद केलं. गाणं आपोआप थांबलं. त्या शांततेत प्रथम लक्षात आलं की दुपारचा पश्चिमेचा वारा किती सुटला आहे आणि तो आपल्याला कुठं नेतो आहे. एरंगळच्या अलीकडे काळे खडक आहेत. भरतीत ते अर्धे झाकलेले असतात, म्हणून जास्त वाईट. त्यांच्यावर फेस फुटताना दिसत होता.

दादा उठला आणि आत्यानं त्याचा सदरा धरला. हळदीच्या अंगानं लोखंडाला आणि काळ्या तेलाला हात लावायचा नाही, हे ती ओरडून नाही, अगदी हळू म्हणाली, पण तिचा हात सुटला नाही. दोघा बायकांनी तिला साथ दिली. बाबांनी त्या वादात वेळ घालवला नाही. काकांना नांगर टाकायला सांगितला, दोन माणसांना वल्ह्यांवर बसवलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मंजू, तू उतर."

मी पाटल्या-गोठ काढून आईकडे दिले, लुगड्याचा काष्टा आवळला आणि खाली उतरले. आत उभं राहवत नव्हतं एवढी धग होती. वरून दादा सांगत होता की बुडाचं तोंड बुजलं असेल, जाळ्याचा तुकडा नाहीतर शेवाळ अडकलं असेल. नेहमी तेच व्हायचं, म्हणून मीही तिथंच पहिल्यांदा हात घातला. आत येणाऱ्या नळीची क्लिप ढिली करून नळी ओढली, तर पाण्याची चिळकांडी माझ्या तोंडावर आली. म्हणजे तोंड मोकळं होतं. समुद्र आपलं काम करत होता, पाणी पंपापर्यंत येत होतं आणि तिथून पुढं जात नव्हतं. मी बुडाच्या भोकावरचा कॉक बंद केला आणि पंपाचं झाकण उघडलं. झाकण इतकं तापलं होतं की पदराची घडी करून धरावं लागलं. आतल्या रबरी पंख्याच्या पाकळ्या गळून गेल्या होत्या. एक-दोन उरल्या होत्या, त्याही लोळागोळा झालेल्या. नवा पंखा आमच्याकडे होता, पण तो त्या उतरवलेल्या पेटीत, घरी, शिडाच्या सावलीत.

हे मी वर येऊन सांगितलं तेव्हा कुणी कुणाला बोल लावला नाही. काशीनाथकाकांचा चेहरा मात्र मला अजून दिसतो. ते दोर धरून उभे होते आणि नांगर खडकाळ तळावरून घसरत होता. थोडा धरायचा, सुटायचा, परत धरायचा. दादा म्हणाला, "पाणी पंपानंच गेलं पाहिजे असं नाय गो. कसंही जाऊ दे, पण गेलं पाहिजे." आणि मला आमच्या अंगणातलं पिंप आठवलं. आईनं मासळी धुवायला ते दगडांवर उंच ठेवलं होतं. खाली नळी सोडली की पाणी धो धो यायचं, त्याला कुठला पंप नव्हता. मी दादाकडे बघितलं. त्याच्याही ते डोक्यात आलं असावं, कारण आम्ही दोघांनी एकदमच पाठीमागच्या केबिनच्या छपराकडे बघितलं.

वऱ्हाडासाठी गोड्या पाण्याचं मोठं पिंप बोटीवर होतं. ते चार गड्यांनी उचलून छपरावर चढवलं आणि दोरांनी जखडलं. टाकीतून डिझेल काढायची लांब रबरी नळी कोपऱ्यात पडलेली असायचीच. तिचं एक तोंड पिंपात, दुसरं मला इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपात बसवायचं होतं. पण त्याआधी एक काम राहिलं होतं. पंख्याच्या तुटलेल्या पाकळ्या कुठं गेल्या? त्या पुढं जाऊन पाइपाच्या वळणात अडकल्या असणार, आणि त्या तिथं असेपर्यंत छपरावरून समुद्र ओतला तरी उपयोग नव्हता. आत्यानं काही न विचारता आपल्या अंबाड्यातला आकडा काढून वरून माझ्या हातात दिला. मी त्या वळणात बोटं घातली, चटके बसत होते, आकड्यानं टोकरत एकेक रबराचा तुकडा बाहेर काढला आणि पदरावर मांडून त्यांचा जुना पंखा जुळवून बघितला. एक पाकळी कमी भरत होती. परत हात घातला. ती सगळ्यात आत होती.

नळी बसवली, क्लिप आवळली. काका इंजिनाचं हँडल घेऊन खाली उतरले होते. खडक आता इतके जवळ होते की फेसाचा आवाज येत होता, आणि त्यांना घाई झाली होती, ते साहजिकच होतं. पण मी इंजिनाच्या डोक्यावर ओला हात झटकला, तर थेंब चुर्र करून उडून गेले. दादानं मला ओटीवर एकदा दुसऱ्या कुणाच्या बोटीचं तडकलेलं हेड दाखवलं होतं. तापलेल्या इंजिनात गार पाणी सोडलं की बिडाचं लोखंड काचेसारखं तडकतं.

मी म्हणाले, "काका, आत्ता नाय. आत्ता पाणी सोडलं तर हेड जाईल, मग मशीनच राहणार नाय."

काका म्हणाले, "आणि थांबलो तर बोट राहणार नाय."

दोघंही खरं बोलत होतो. आम्ही दोघांनी वर बघितलं. बाबांनी खडकांकडे बघितलं, मग वल्ह्यांवरच्या माणसांकडे, मग माझ्याकडे. म्हणाले, "ती सांगंल तवा मारायचं हँडल."

आयुष्यात मला पुष्कळ माणसांनी पुष्कळ काही दिलं. पण त्या बोटीवरच्या माणसांनी मला त्या दुपारी जे दिलं त्याची बरोबरी कशाशी होत नाही. त्यांनी मला वेळ दिला. एवढं वऱ्हाड, त्यात लेकुरवाळ्या बायका, म्हाताऱ्या, समोर खडक, आणि कुणीही मला "झालं का" असं विचारलं नाही. वल्ही मारणारे दात आवळून बोटीचं नाक वाऱ्यावर धरून होते. दमलेल्याच्या जागी दुसरा बसत होता. आई माझे दागिने ओटीत घेऊन बसली होती आणि एकवीरेचं नाव घेत होती, तेही ओठांतल्या ओठांत, मला ऐकू जाऊ नये म्हणून. तेवढ्या वेळात मी तेलाची काडी काढून बघितली. तेलात पाणी मिसळलं असतं तर ते ताकासारखं दिसलं असतं. ते काळंच होतं. मोठं चाक हातानं फिरवून बघितलं, जड पण फिरलं. आत काही धरून बसलं नव्हतं. मग परत ओला हात झटकला. थेंब उडाले नाहीत, जागच्या जागी थरथरून आटले. अजून थोडं थांबले. पुढच्या वेळी थेंब ओघळला, आणि मी तळवा टेकवून पाहिला. भाजलं, पण ठेवता आला.

दादा नेहमी डिझेल काढताना करायचा तसं मी नळी पाइपावरून काढून तोंडात धरली आणि श्वास ओढला. पिंपातलं गोडं पाणी डिझेलची चव घेऊन माझ्या घशात आलं. थुंकून नळी परत बसवली. नळी चिमटीत दाबून पाणी आधी अगदी बारीक सोडलं. कुशीतल्या नळीतून वाफ आली, मग उकळतं पाणी, मग नुसतं कढत. मग मी काकांना खूण केली. पहिल्या हँडलला इंजिन उठलं नाही, दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्या वेळी त्यानं धाप टाकली आणि धरलं. नांगर वर आला, बाबांनी बोट वळवली, रेस अगदी कमी ठेवून, म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून नेतात तशी.

पिंप भरत राहायला हवं होतं, ते कुणाला सांगावं लागलं नाही. लग्नातली घागर, आहेरातली नवी कोरी पातेली, हंडे, जे हाताला लागलं ते बायकांनी घेतलं. काठावरच्या पाणी उपसत होत्या, मधल्या हातोहात पुढं देत होत्या आणि छपरावर चढलेली द्वारकाआत्या ते पिंपात ओतत होती. जरीचे पदर खोचलेले, सगळ्या चिंब. थोड्या वेळानं आत्यानं वरूनच धवला उचलला आणि भांडी त्याच्या तालावर चालू लागली. नवरामुलगा मधे हात जोडून बसला होता. त्याला कुणी घागरीलासुद्धा हात लावू दिला नाही.

मनोरीच्या खाडीत शिरलो तेव्हा पाणी फिरलं होतं. दोन्ही काठांना चिखलाची चकाकती पट्टी दिसायला लागली होती. धक्क्याच्या थोडं अलीकडे बोटीचं बूड घासलं आणि आम्ही थांबलो. पण तिथून गोराईची माणसं हाकेच्या अंतरावर होती. ती लहान होड्या घेऊन आली आणि एकेक करून सगळ्यांना उतरवून घेतलं. मुहूर्त थोडा टळला. भटजींनी दुसरा काढला, त्यांना त्याचं काही विशेष वाटलं नाही.

मला वाटलं ते माझ्या हातांचं. करवलीनं नवऱ्याच्या मागं दिवा घेऊन उभं राहायचं, आणि माझे हात कोपरापर्यंत काळे, बोटांना फोड, नखांत तेल. हिरव्या लुगड्याची दशा तर विचारू नये. आईनं खोबरेल लावून, राखेनं घासून पाहिलं, पण फोडांमुळे नीट घासता येईना. मी मांडवाच्या मागं हात पदराखाली घेऊन बसले आणि म्हणाले की करवली दुसरी कुणी उभी करा. तेवढ्यात नवरीची आई आली. ओळख अशी आमची नव्हतीच. तिनं माझे हात पदराखालून बाहेर काढले, उलटेसुलटे करून बघितले, आणि हळदीच्या वाटीतली उरलेली हळद माझ्या फोडांवर हलकेच लावली. म्हणाली, "माझा जावई ह्या हातांनी आणला ना? मग दिवा ह्याच हातांत पायजे." त्या लग्नाला मी पिवळ्या-काळ्या हातांनी दिवा धरून उभी राहिले. मंगलाष्टकं चालू असताना पुष्पावहिनी, म्हणजे माझी होणारी भावजय, अंतरपाटाच्या कडेनं नवऱ्याकडे बघायचं सोडून माझ्या हातांकडे बघत होती. हे तिनंच मला पुढं कितीतरी वर्षांनी हसत हसत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीच्या काकांनी त्यांच्या बोटीसाठी जपून ठेवलेला नवा पंखा मला आणून दिला. त्यांचं इंजिन आमच्यासारखंच होतं. ओहोटीत आमची बोट चिखलावर कलंडून बसली होती. मी गुडघाभर चिखलातून चालत गेले, पंखा पंपात बसवला, झाकणाच्या पॅकिंगला ग्रीस लावून स्क्रू आवळले आणि नळ्या जागच्या जागी जोडल्या. भरती येऊन बोट तरंगायला लागेपर्यंत मी तिथंच बसून राहिले. गोराईकडून कुणीतरी भाकरी आणि तळलेली कोलंबी पाठवली होती. तसली कोलंबी मी परत खाल्ली नाही असं म्हणावंसं वाटतं, पण खरं म्हणजे भूक लागली होती.

वऱ्हाड परतायला निघालं. नवरा-नवरी बोटीवर चढली, रडारड झाली, बायका आपापल्या जागी बसल्या. बाबा सुकाणूवर होते. हळद उतरली होती आणि आता दादाला कुणी अडवणार नव्हतं. तो सवयीनं हँडल घ्यायला इंजिनाकडे निघाला. बाबांनी त्याला नुसत्या हातानं थांबवलं आणि बायकोशेजारी बस म्हणून खूण केली. दादा माझ्याकडे बघून हसला आणि खरंच जाऊन बसला. काकांनी हँडल उचललं. पण ते मारलं नाही. ते बाबांकडे बघत राहिले, आणि बाबा माझ्याकडे.

मी कॉक उघडला, नळ्यांवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "मारा."